टीम कायम हरते, तरी चाहते सोडून का जात नाहीत?

टीम जिंकली की 'आपण जिंकलो', हरली की 'ते हरले'. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांनी १९७६ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेज विद्यार्थ्यांमध्ये नेमकं हेच टिपलं. विजयानंतरच्या सोमवारी कॉलेजचं नाव असलेले कपडेही जास्त दिसायचे!

मग शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचं काय? तिथली अमेरिकन फुटबॉलची टीम १९७९ ते १९८२ दरम्यान सलग ३४ सामने हरली. १९८१ मध्ये सलग पराभवांचा विक्रम मोडला, तेव्हा विद्यार्थी मैदानात घुसले आणि 'आपणच सगळ्यात वाईट' म्हणून ओरडू लागले. म्हणजे इथे हरल्यावरही 'आपण'च. जिंकणाऱ्या टीमचा चाहता कुणीही होतो, ही टीम मात्र फक्त त्यांची होती. १९८२ मध्ये एकदाची जिंकली, तर पोरांनी गोलपोस्ट उखडून थेट लेक मिशिगनमध्ये फेकले.