भाजे येथील स्तूपसमूह : शैलकृत स्मृतिस्थळाचे वाचन

प्रस्तावना :

पूर्व विदर्भातील विद्यार्थ्यांस प्राचीन दफनस्थळ म्हटले की नागपूरजवळील जुनापाणीची शिलावर्तुळे आठवतात. लोहयुगीन समाजाने मृतांसोबत मृद्‌भांडी व लोखंडी अवजारे पुरली. माहुरझरी येथे घोड्यांचे अवशेष व त्यांची ताम्र आभूषणेही मिळाली. मात्र तेथील एकाही मृताचे नाव आपणांस ज्ञात नाही. गोंदियाहून पुणे जिल्ह्यातील भाजे लेण्यांकडे अभ्यास सहल नेताना ही पार्श्वभूमी विद्यार्थ्यांसमोर ठेवणे उपयुक्त ठरते. कारण तेथे मृतांची नावे दगडावर आजही वाचता येतात.

स्थळाचे स्वरूप :

लोणावळ्यानजीकच्या मळवली रेल्वे स्थानकापासून ही लेणी जवळच आहेत. इ.स.पू. दुसऱ्या शतकात कोरण्यास प्रारंभ झालेल्या या २२ लेण्यांच्या समूहात चैत्यगृहापासून काही अंतरावर १४ स्तूप आहेत. पैकी ५ शैलगृहाच्या आत व ९ बाहेर आहेत. येथे वास्तव्य करून निवर्तलेल्या भिक्खूंची ही स्मारके होत. अंपिनिक, धम्मगिरी व संघदिन ही स्थविरांची नावे त्यांवर ब्राह्मी लिपीत आदरवाचक पदांसह कोरलेली आहेत. दोन स्तूपांच्या शिरोभागी अवशेष ठेवण्याची सोय दिसते.

अर्थनिर्णय :

येथे देहाचे दफन अभिप्रेत नाही. बौद्ध परंपरेनुसार दहनानंतर उरलेल्या अवशेषांवर स्तूप उभारला जाई. जो आकार चैत्यगृहात बुद्धाचे प्रतीक म्हणून पूजिला जातो, तोच येथे सामान्य विहारवासी स्थविरास लाभला आहे. शिलावर्तुळात मृतासोबत वस्तू आहेत, नाव नाही. भाजे येथे नाव आहे, संपत्ती नाही. अपरिग्रही भिक्खूच्या मागे संघाने केवळ त्याचे नाव व आदर जतन केला, हा भेद विद्यार्थ्यांनी स्थळावर उभे राहून समजून घ्यावयाचा आहे.

समारोप :

चैत्यगृहाची छायाचित्रे घेऊन अनेक सहली येथूनच परततात. तसेच प्राचीन वास्तूंवर स्वतःचे नाव कोरण्याची वाईट सवयही सर्वत्र आढळते. १९५८ च्या प्राचीन स्मारके अधिनियमान्वये तो दंडनीय अपराध आहे. तथापि कायद्यापूर्वी एक साधी गोष्ट विद्यार्थ्यांस सांगावी : येथील स्थविरांची नावे त्यांच्या पश्चात इतरांनी आदराने कोरली आहेत. ती लेण्यासमोर मोठ्याने वाचून दाखविणे, हाच या भेटीचा खरा पाठ होय.