धानाच्या शेतातून घराच्या अंगणाकडे : रायपूर परिसरातील निवासी भूखंडांचे समतलीकरण व पूर्वतयारी

छत्तीसगडची राजधानी रायपूर हे शहर चारही दिशांनी विस्तारत आहे. शहराच्या सीमेवरील अनेक निवासी भूखंड काही वर्षांपूर्वीपर्यंत धानाची शेते होती. धानाच्या शेताची रचना पावसाचे पाणी बांधात अडवून ठेवण्यासाठी केलेली असते, तर घराच्या पायाला त्याच पाण्यापासून दूर ठेवणे आवश्यक असते. त्यामुळे शेताचा भूखंड झाला, तरी जमिनीचा मूळ स्वभाव बदलत नाही. हा स्वभाव ओळखून उतार, भराव व निचरा यांची आखणी करणे म्हणजेच जागेची पूर्वतयारी होय. या कामात झालेली चूक बहुधा पहिल्या एक-दोन पावसाळ्यांनंतर भिंतींवरील तिरप्या भेगांच्या रूपाने दिसून येते आणि तेव्हा दुरुस्तीचा खर्च मूळ कामाच्या कितीतरी पट अधिक होतो.

मातीची ओळख

छत्तीसगडच्या मैदानी भागातील शेतकरी जमिनीचे चार मुख्य प्रकार मानतात. उंचवट्यावरील लालसर, मुरमाड व उथळ जमीन म्हणजे 'भाटा'. त्याखालील पिवळसर, मध्यम पोताची जमीन 'मटासी' होय. त्याहून खाली 'डोरसा' आणि सखल भागात काळी, भारी व खोल 'कन्हार' जमीन आढळते. पूर्व विदर्भातील भंडारा-गोंदिया भागातही भारी काळ्या जमिनीसाठी 'कन्हार' हा शब्द रूढ असल्याने मराठी वाचकास तो परका वाटणार नाही.

शेतीसाठी कन्हार जमीन मोलाची आहे, कारण ती ओलावा दीर्घकाळ धरून ठेवते. घरासाठी मात्र हाच गुण अडचणीचा ठरतो. या मातीतील चिकणमातीचे कण पाणी शोषून फुगतात व वाळल्यावर आकसतात. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या रुंद भेगा हे त्याचे परिचित लक्षण आहे. घराच्या कडेची माती पावसाळ्यात फुगते आणि घराखालील माती मात्र तुलनेने कोरडी राहते. या विषम हालचालीमुळे पाया एका बाजूने उचलला जातो व भिंती तडकतात.

मातीचा फुगवटा मोजण्याची प्रमाणित चाचणी सोपी आहे. ४२५ मायक्रॉन चाळणीतून गाळलेली प्रत्येकी १० ग्रॅम कोरडी माती दोन मोजपात्रांत घेऊन एकात पाणी व दुसऱ्यात केरोसीन भरले जाते. केरोसीनमध्ये माती फुगत नाही. किमान २४ तासांनंतर दोन्ही पात्रांतील मातीच्या घनफळांतील फरक टक्केवारीत काढला जातो. माती परीक्षण करणाऱ्या स्थापत्य प्रयोगशाळेत ही चाचणी होते. पिकांसाठीच्या मृदा आरोग्य पत्रिकेतून ही माहिती मिळत नाही, हे लक्षात घ्यावे.

खोदकामापूर्वीची चौकशी

भूखंडाचा पूर्वेतिहास जाणून घेणे ही पहिली पायरी आहे. जुनी विहीर किंवा डबरी बुजवलेली असल्यास ती जागा पुढे खचू शकते. याविषयी गावातील वृद्ध शेतकऱ्यांकडून मिळणारी माहिती अनेकदा कागदपत्रांपेक्षा नेमकी असते. खसऱ्याच्या नोंदींसोबत गावाचे 'निस्तार पत्रक' व 'वाजिब-उल-अर्ज' हेही पाहावेत. वाट, पाणी व सिंचनाविषयीचे परंपरागत हक्क 'वाजिब-उल-अर्ज'मध्ये नोंदलेले असतात. भूखंडातून वरच्या शेताचे पाणी वाहत असेल, तर तो प्रवाह भरावाखाली दडपल्याने वाद व पूर या दोहोंना आमंत्रण मिळते.

रायपूर परिसराच्या भूगर्भात चुनखडकाचे थर आहेत. काही ठिकाणी खडक उथळ, तर काही ठिकाणी खोल लागतो. अर्धा पाया खडकावर व अर्धा मातीवर राहू नये, यासाठी भूखंडाच्या कोपऱ्यांत व मध्यभागी चाचणी खड्डे घेणे हितावह आहे.

वरच्या मातीचे जतन

समतलीकरणापूर्वी वरचा सुमारे १५ सेंटिमीटरचा थर वेगळा काढावा. या थरात मुळे व सेंद्रिय पदार्थ असतात. ते घराखाली राहिल्यास कुजतात, भराव खचतो व वाळवीला खाद्य मिळते. परंतु हाच थर परसबागेसाठी, म्हणजे छत्तीसगडी घराच्या 'बाडी'साठी, सर्वोत्तम असतो. ३० × ५० फूट भूखंडातून अर्धा फूट माती काढल्यास ती सुमारे साडेसात ब्रास भरते. ती भूखंडाच्या एका कडेला कमी उंचीच्या ढिगात झाकून ठेवावी व बांधकामानंतर बागेत पसरावी. पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेली सुपीक माती राडारोड्यात मिसळून नष्ट करणे ही कुटुंबाची व समाजाचीही हानी आहे.

भराव व दाबाई

शेतातील काळी मातीच उलटसुलट करून भराव म्हणून वापरणे टाळावे. भाटा जमिनीतील मुरूम फारसा फुगत नाही. म्हणून कन्हार जमिनीवर त्याचा भराव अधिक योग्य ठरतो. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांच्या संशोधनातून पुढे आलेल्या पद्धतीत फुगणाऱ्या मातीवर चिकट, पण न फुगणाऱ्या मातीचा दाबलेला थर देऊन फुगवटा आवरला जातो. अशा थराची जाडी साधारणतः १ मीटर असते. योग्य गुणधर्मांचा मुरूम या कामी येऊ शकतो. मात्र प्रयोगशाळेतील तपासणीनंतरच त्याची निवड करावी.

मुरूम १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांत पसरून प्रत्येक थर ओलसर करून रोलरने किंवा यांत्रिक धुमसाने दाबावा. मुठीत दाबलेल्या मुरमाचा गोळा टिकला, पण तळहाताला पाणी सुटले नाही, तर ओलावा साधारण योग्य समजावा. सर्व भराव एकदम टाकून वरून केवळ जेसीबी फिरवल्याने खालचा भाग सैलच राहतो.

खर्चाचा अंदाज घेताना सैल व दाबलेल्या घनफळातील फरक ध्यानात घ्यावा. ३० × ५० फूट भूखंड २ फूट उंच करण्यास दाबलेला ३० ब्रास मुरूम लागतो. त्यासाठी सैल मुरूम सुमारे ३६ ते ३८ ब्रास मागवावा लागतो. कंत्राट देताना दर गाडीच्या फेरीवर न ठरवता दाबलेल्या भरावाच्या मोजमापावर ठरवावा आणि थरांची जाडी, दाबाई व अंतिम उतार यांचा लेखी उल्लेख करावा.

खोल कन्हार जमिनीत केवळ भराव पुरेसा ठरत नाही. रुडकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी तळाशी फुगीर कंद असलेल्या 'अंडर-रीम्ड' स्तंभिकांची पद्धत विकसित केली आहे. या स्तंभिका हंगामी हालचालीच्या थराखाली टेकतात. पायाचा निर्णय स्थापत्य अभियंत्याच्या सल्ल्यानेच घ्यावा.

उतार व पाण्याची वाट

रायपूर येथे वर्षाला साधारणतः १,२०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या काळात येतो. या हिशोबाने ३० × ५० फूट भूखंडावर वर्षभरात सुमारे १ लाख ६७ हजार लिटर पाणी पडते. ते पायापासून दूर नेण्यासाठी घराभोवतीच्या पहिल्या ३ मीटरमध्ये किमान १५ सेंटिमीटर उतार द्यावा. जागा अपुरी असल्यास भिंतीलगत पक्की फरसबंदी करून पाणी नालीत सोडावे. पारदर्शक नळीत पाणी भरून हा उतार घरमालकास स्वतः तपासता येतो. छताचे पाणी गाळून पुनर्भरण खड्ड्यात सोडणे उपयुक्त आहे. कन्हार जमिनीत मात्र हा खड्डा पायापासून पुरेसा दूर असावा. बाडीतील वाफे व मोठी झाडेही भिंतीला लागून नसावीत.

आपला भूखंड उंच करताना पाणी शेजाऱ्याच्या अंगणात किंवा उरलेल्या शेतात लोटले जाणार नाही, याची दक्षता घ्यावी. प्रत्येकाने शेजाऱ्याहून अर्धा फूट वर जाण्याची स्पर्धा केल्यास अखेरीस रस्ताच नाला होतो. वसाहतीतील रहिवाशांनी नालीची पातळी एकत्र ठरवणे हाच त्यावरील उपाय आहे.

कामाचा योग्य काळ

दिवाळीनंतर, धान कापणी झाल्यावर जमीन वाफशावर येते. तो काळ खोदकाम व भरावासाठी उत्तम असतो. पावसाळ्यात कन्हार यंत्रांना चिकटते, तर मे महिन्यात ती भेगाळलेली असते. कोरड्या भेगांवर भराव टाकल्यास पुढील पावसात खालची माती फुगून वरचा थर उचलते. शक्य असल्यास भराव एक पावसाळा तसाच राहू द्यावा व खचलेल्या जागा पुन्हा भरून, दाबून मगच बांधकाम सुरू करावे. आयुष्यभराची बचत ज्या घरात गुंतवायची, त्याच्या पायाखालील जमिनीस एका पावसाळ्याची ही मुदत देणे निश्चितच परवडणारे आहे.