उसाच्या ट्रॉल्या आणि यादीचं नावच नसलेली सरासरी

दौंडकर मंडळी, उदाहरण उसाचंच घेऊ. चार ट्रॉल्या, वजनं टनांत 18, 20, 16, 22. सरासरी काढायची. बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषांत आधी यादीला नाव द्या, मग बेरीज, मोजणी, भागाकार. 'जे' भाषेत एवढंच:

(+/ % #) 18 20 16 22

उत्तर 19. +/ म्हणजे सगळ्यांची बेरीज, # म्हणजे किती आहेत ते, मधला % भागाकार (हो, टक्के नव्हे!). कंसातल्या व्याख्येत यादीचा उल्लेखच नाही. तीन क्रिया शेजारी आल्या की कडेच्या दोन्ही त्याच यादीवर चालतात आणि मधली त्यांची उत्तरं जोडते: 76 भागिले 4. हा 'फोर्क'.

आता कंस काढून बघाच. उत्तर येतं 0.25! कारण उजवीकडून एकेक क्रिया सुटी चालते: मोजणी 4, एकट्या % ने त्याचा व्यस्त, आणि एकाच आकड्याची बेरीज तोच आकडा.

दोनच क्रिया असल्या तर 'हूक'. (- (+/ % #)) त्याच यादीला लावा, मिळेल _1 1 _3 3. कुठली ट्रॉली सरासरीहून किती कमी-जास्त ते लगेच कळतं. खालची रेघ म्हणजे ऋण.

केनेथ आयव्हर्सन आणि रॉजर हुई यांनी १९९० मध्ये 'जे' आणली. आयव्हर्सन यांच्याच जुन्या एपीएल भाषेच्या डायलॉग आवृत्तीत फोर्कची सोय २०१४ मध्ये आली. क्रियांच्या अशा जोडणीला 'ट्रेन' म्हणतात, दौंड जंक्शनवाल्यांना खटकायचं कारण नाही. पण फार लांब ट्रेन लिहू नका. महिन्याभराने स्वतःलाच वाचता येत नाही. 'जे' फुकट आहे, ब्राउझरमध्येही चालते.