चार प्रेसनोटा आणि एक बोट

रामेश्वरमहून निघालेली बोट रात्री श्रीलंकेच्या नौदलाने पकडली, की चेन्नईतल्या बातमीदाराचा दिवस परराष्ट्र खात्याच्या बीटवर सुरू होतो. दिल्लीतल्या सहकाऱ्याला हे गंमतीचं वाटतं. त्याच्या लेखी परराष्ट्र धोरण म्हणजे मंत्रालयाचं आठवड्याचं ब्रीफिंग, समोर प्रवक्ता आणि हात वर करून विचारलेला प्रश्न. इथे आम्हाला हात वर करायला जागाच नसते. धोरण तुकड्यातुकड्यांनी येतं आणि प्रत्येक तुकडा कुणा ना कुणा सरकारी माहिती अधिकाऱ्याच्या टेबलावरून पुढे सरकलेला असतो.

पहिली प्रेसनोट कोलंबोची. तिथलं नौदल ती आपल्या संकेतस्थळावर टाकतं: ट्रॉलर किती, माणसं किती, कुठल्या समुद्रात धरली, कांकेसंतुरैला नेली की तलैमन्नारला. सोबत फोटो. खलाशांची नावं सहसा नसतात, म्हणून मी आधी फोटो मोठा करून बोटीचा नंबर शोधतो. ‘आयएनडी-टीएन-१०-एमएम’ असं रंगवलेलं दिसलं तर बोट रामनाथपुरम जिल्ह्यातली. १० च्या जागी ०६ असेल तर नागपट्टिनमची. एवढा नंबर हाती लागला की मत्स्यव्यवसाय खात्यातला माणूस बोटीचा मालक कोण, मासेमारीच्या परवानगीचं टोकन घेऊन निघाली होती का, हे सांगू शकतो. कोलंबोची नोट आणि हे उत्तर जुळलं, तर बातमीचा पहिला परिच्छेद पक्का.

दुसरी नोट दुपारपर्यंत तमिळनाडू सरकारच्या माहिती व जनसंपर्क खात्याकडून येते. मुख्यमंत्र्यांनी परराष्ट्रमंत्र्यांना लिहिलेलं पत्रच ते. एम. के. स्टॅलिन यांनी अशी पत्रं एस. जयशंकर यांना इतकी लिहिली, की त्यातली वाक्यं बातमीदारांना पाठ झाली. पण पत्राच्या शेवटाकडे एक आकडा असतो: अजून किती माणसं आणि किती बोटी तिकडे अडकल्या आहेत. मागच्या पत्रातला आकडा शेजारी ठेवला की कळतं, माणसं सुटत आहेत पण बोटी सुटत नाहीत. २०१८ मध्ये श्रीलंकेने परदेशी बोटींबद्दलचा कायदा कडक केला आणि दंड प्रचंड वाढवला, त्याचा परिणाम एवढ्या दोन आकड्यांत दिसतो. खात्याचा जनसंपर्क अधिकारी (पीआरओ) हे सांगणार नाही. ते त्याचं कामही नाही.

तिसरं टेबल केंद्राचं. हॅडोज रोडवरच्या शास्त्री भवनात पत्र सूचना कार्यालय आहे. तिथला अधिकारी बहुधा भारतीय माहिती सेवेतला, बदलीवर आलेला. मत्स्यव्यवसायापासून रेल्वेपर्यंत सगळी खाती त्याच्याच गळ्यात. त्याला ‘भारताची भूमिका काय?’ असं विचारणं म्हणजे आपल्या हाताने छापील उत्तर मागवून घेणं. सरकार हा विषय मानवतेच्या भूमिकेतून हाताळतं, हे वाक्य आपल्यालाही येतं. विचारायचं ते असं: जाफन्याच्या वाणिज्य दूतावासातून कुणी या खलाशांना भेटलं का? मासेमारीवरच्या दोन्ही देशांच्या संयुक्त कृती गटाची शेवटची बैठक कधी झाली? संसदेत या विषयावर अलीकडे प्रश्न आला होता का, आणि त्याचा क्रमांक काय? पहिल्या दोन प्रश्नांना तो दिल्लीचा फोन नंबर देतो. तिसऱ्याचं उत्तर पुष्कळदा त्याच्याकडेच असतं, आणि माझ्या मते त्या अधिकाऱ्याकडून मिळणारी सगळ्यात मोलाची गोष्ट तीच. लेखी उत्तरात वर्षवार आकडे असतात, खाली मंत्र्याची जबाबदारी असते, आणि उद्या कुणी ‘आम्ही असं म्हणालोच नव्हतो’ म्हणू शकत नाही.

चौथं टेबल श्रीलंकेच्या चेन्नईतल्या उपउच्चायुक्तालयाचं. तिथे बोलणं सौजन्याचं होतं, पण खरं उत्तर कोलंबोहून यावं लागतं. त्यामुळे पंचांग जवळ ठेवलेलं बरं: श्रीलंकेत दर पौर्णिमेला सरकारी सुट्टी असते. कोलंबोच्या बाजूची एक गोष्ट मात्र इथल्या प्रेसनोटांत सहसा सापडत नाही. भारतीय ट्रॉलरमुळे ज्यांच्या जाळ्यांचं नुकसान होतं ते उत्तर श्रीलंकेतले मच्छीमारही तमिळच आहेत, आणि समुद्राचा तळ खरवडणारी ट्रॉलिंग तिकडे २०१७ पासून कायद्याने बंद आहे. चारही नोटा शेजारी मांडल्या तरी ही बातमी त्यांच्या बाहेरच राहते.

सगळे अधिकारी फक्त कागद पुढे करतात असंही नाही. ओळख जुनी झाली की ‘हे छापू नका, पण…’ सुरू होतं. इथे एक शिस्त पाळावी. तो बोलायला लागण्याआधीच अट ठरवावी: नावासह, खात्याच्या नावासह, की केवळ समजून घेण्यासाठी. बोलून झाल्यावर अट घातली तर दोघांचीही पंचाईत होते. आणि ‘सूत्रांनी सांगितले’ लिहिताना निदान सूत्र कुठल्या बाजूचं, दिल्लीचं की फोर्ट सेंट जॉर्जमधल्या राज्य सचिवालयाचं, एवढं वाचकाला कळायला हवं. कच्चतीवू बेटाच्या विषयात तर नक्कीच.

त्या बेटाचं प्रकरण या कामाचा नमुना आहे. १९७४ च्या करारात बेट श्रीलंकेच्या हद्दीत गेलं. १९७६ च्या पत्रव्यवहाराने एकमेकांच्या पाण्यात मासेमारी बंद झाली. २०१५ मध्ये माहिती अधिकाराच्या उत्तरात परराष्ट्र मंत्रालयाने म्हटलं होतं, की या भागाची सीमा आखलेलीच नव्हती, त्यामुळे भारताचा भूभाग देण्याघेण्याचा प्रश्न आला नाही. निवडणुकीच्या तोंडावर, ३१ मार्च २०२४ ला, भाजपचे तमिळनाडूतले तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष के. अण्णामलाई यांनी माहिती अधिकारातून मिळवलेले कागद छापून आले आणि दुसऱ्याच दिवशी जयशंकर यांनी पत्रकार परिषदेत काँग्रेस आणि द्रमुकला धारेवर धरलं. वीस वर्षांत ६१८४ मच्छीमार आणि ११७५ बोटी श्रीलंकेने पकडल्या, मुख्यमंत्र्यांना आपण २१ वेळा उत्तरं दिली, हे आकडे तिथलेच. आकडे उपयोगी, जपून ठेवण्यासारखे. पण त्या दिवशी कुठल्याही पीआरओने २०१५ चं उत्तर आपण होऊन पुढे केलं नसतं. ते ज्यांच्या फायलीत होतं, त्यांची बातमी वेगळी झाली.

२८ जुलै २०२३ ला जी-२० देशांचे पर्यावरणमंत्री चेन्नईत जमले, तेव्हा सोयीचं तेवढंच पुढे करण्याचा हाच खेळ मोठ्या मैदानावर दिसला. सहाच दिवस आधी गोव्यात ऊर्जामंत्र्यांची बैठक जीवाश्म इंधनावर अडली होती. चेन्नईतही सर्वसंमतीचं निवेदन निघालं नाही; निघालं ते ‘फलनिष्पत्ती दस्तऐवज आणि अध्यक्षांचा सारांश’. जाणकाराला हे नावच पुरे होतं. सगळे सहमत असते तर अध्यक्षांना आपल्या शब्दांत सारांश लिहावा लागला नसता. भारताच्या प्रेसनोटेत मात्र भर होता सागरी अर्थव्यवस्थेच्या ‘चेन्नई उच्चस्तरीय तत्त्वां’वर आणि चक्राकार अर्थव्यवस्थेसाठी आदल्या दिवशी सुरू झालेल्या ३९ कंपन्यांच्या गटावर. त्यातलं काहीच खोटं नव्हतं. फ्रान्सचे मंत्री क्रिस्तोफ बेशू यांनी त्याच दिवशी उघडपणे निराशा बोलून दाखवली. तेही खोटं नव्हतं. यजमानांचा माहिती अधिकारी काय जमलं ते सांगतो, नाराज पाहुण्याचा काय फिसकटलं ते. अशा बैठकीत मला दुसरा आधी गाठावासा वाटतो, कारण पहिल्याची नोट कशीही मेलवर येणारच असते.

सुटलेले खलाशी बहुतेकदा कोलंबोहून विमानाने चेन्नईला उतरतात. मत्स्यव्यवसाय खात्याची माणसं त्यांना बाहेर आणून व्हॅनमध्ये बसवतात. मधल्या थोड्या मिनिटांत त्यांच्याशी बोलता येतं: बोट कुठे होती, वकील कुणी दिला, दूतावासाचा माणूस कितव्या दिवशी आला. वाणिज्य दूतावासाबद्दलच्या माझ्या प्रश्नाचं दिल्लीकडून राहिलेलं उत्तर कधीकधी या फुटपाथवर मिळतं.

आपल्याकडे महाराष्ट्रात पालघर, डहाणूच्या वार्ताहरांना यातलं बरंच लागू पडेल. गुजरातच्या बोटींवर जाणारे तिथले खलाशी पाकिस्तानच्या तावडीत सापडतात. २००८ च्या करारानुसार दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. त्या दिवशी परराष्ट्र मंत्रालयाची प्रेसनोट निघते आणि तिच्यात मच्छीमारांचा एकूण आकडा असतो. त्यातले पालघरचे किती, हे विचारायला फोन मात्र आपल्यालाच करावा लागतो, आणि तो १ तारखेलाच केलेला बरा.