भटजीशिवाय लग्न करताय? आधी हे वाचा

लग्न ठरलं की घरात पहिला प्रश्न मुहूर्ताचा, दुसरा हॉलचा आणि तिसरा भटजींचा. पण हल्ली अनेक मुलंमुली विचारतात, "मंत्र कळतच नाहीत, तर विधी कशाला? एकमेकांना हार घातले, जवळची माणसं जेवली, झालं लग्न!" तुमच्याही घरात हा वाद झाला असेल. पण असं लग्न कायद्याने होतं का? ते तुम्ही कोणत्या राज्यात लग्न करता, यावरही अवलंबून आहे.

तमिळनाडूत काय चालतं?

समजा, तुम्ही चेन्नईजवळच्या सिरुसेरीत आयटी पार्कमध्ये नोकरी करता आणि तिथेच लग्न करणार आहात. तमिळनाडूत पेरियार यांनी पुरोहिताशिवाय होणाऱ्या 'स्वाभिमान विवाहा'चा प्रसार केला. पुढे मद्रास उच्च न्यायालयाने असं एक लग्न अवैध ठरवलं. म्हणजे पत्नीचे हक्क आणि मुलांचा वारसा, दोन्ही टांगणीला!

अखेर 1967 मध्ये अण्णादुराई यांच्या सरकारने हिंदू विवाह कायद्यात राज्यापुरतं कलम 7-अ आणलं. आधीच्या स्वाभिमान विवाहांनाही मान्यता मिळाली. या कलमानुसार नातेवाईक किंवा मित्रांसमोर, दोघांना कळेल अशा भाषेत 'मी हिला पत्नी मानतो, मी याला पती मानते' असं म्हटलं तरी पुरे. किंवा हार घालायचे, अंगठी घालायची, नाहीतर ताली बांधायची. यातलं काहीही एक. त्यासाठी जाहीर समारंभाचीही गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये स्पष्ट केलं.

आणि महाराष्ट्रात?

आपल्याकडे ही वाट त्याही आधी दिसली होती. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने 1873 मध्येच भटजीशिवाय लग्न लावलं. फुल्यांनी त्यासाठी मराठीत मंगलाष्टकं रचली. त्यात वधू हक्क मागते आणि वर तिला वचन देतो. आजही अशी लग्नं होतात.

पण महाराष्ट्रात 7-अ सारखं कलम नाही. इथे हिंदू विवाह कायद्याखाली वधू किंवा वराकडच्या रूढीप्रमाणे विधी व्हावे लागतात. रूढीत सप्तपदी असेल, तर सातव्या पावलाला लग्न पूर्ण होतं. विधी न करता नुसतं प्रमाणपत्र घेतलं, तर ते हिंदू लग्न ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये सांगितलं.

विधी नकोच असतील, तर 1954 चा विशेष विवाह कायदा आहे. 30 दिवसांची नोटीस द्यायची आणि विवाह अधिकाऱ्यासमोर, तीन साक्षीदारांच्या उपस्थितीत लग्न करायचं. धर्माची, जातीची अट नाही.

मग आजीचं काय?

"रजिस्टर लग्न केलं तर आपल्या रीती बुडतील," असं आजीला वाटत असेल, तर तिला चीनची गोष्ट सांगा. तिथे कायद्याने लग्न नोंदणीनेच होतं. तरीही अनेक नवरा-नवरी आजही घरातल्या मोठ्यांना वाकून चहा देतात आणि आशीर्वाद घेतात.

तुम्हीही नोंदणी करून आल्यावर घरी अंतरपाट धरू शकता, उखाणे घेऊ शकता, आजीच्या हातून औक्षण करून घेऊ शकता. फक्त कायद्याने लग्न कशाने होणार आहे, हे हॉल बुक करण्याआधीच दोन्ही घरांनी बसून ठरवा. 30 दिवसांची नोटीस द्यायची असेल, तर तारीखही त्याच हिशेबाने काढावी लागेल.