मासे आणि भाजी एकाच पाण्यात : भाग ४
बोअर, नळ की पागोळ्या?

टाक्या बसल्या, पाइप जोडून झाले. आता भरायचं कुठलं पाणी? ॲक्वापोनिक्समध्ये तेच पाणी महिनोन्महिने फिरत राहतं. उन्हाने उडून जातं ते निव्वळ पाणी. क्षार टाकीतच राहतात, आणि वरून भर घालताना आपण आणखी क्षार ओततो. त्यामुळे पहिल्या दिवशी चालून गेलेलं पाणी सहा महिन्यांनी चालेलच असं नाही.

बहुतेक जण सामू मोजतात आणि तिथेच थांबतात. बोअरच्या बाबतीत तर तो आकडाही फसवा असतो. जमिनीखालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, म्हणून ताज्या पाण्याचा सामू कमी दिसतो. बादलीत रात्रभर एअर पंप सोडून सकाळी मोजलं, की सातचा आठ झालेला आढळू शकतो. खरा आकडा तो. माशांना साधारण ६.५ ते ८.५ चालतो, भाजीला ५.५ ते ६.५ बरा, आणि अमोनियाचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना सातच्या वरचा. म्हणून सगळ्यांनी मिळून ७ च्या आसपास भागवायचं.

पण सामूपेक्षा महत्त्वाचे आहेत पाण्यातले बायकार्बोनेट. घाटावरच्या काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी बहुधा जड असतं. गिझरच्या कॉइलवर पांढरी पुटं चढतात ती यामुळेच. अशा पाण्यात आम्ल घातलं की सामू उतरतो आणि एकदोन दिवसांत पुन्हा चढतो. चढलेल्या सामूत रोपांना लोह मिळत नाही, कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मग रोज आम्ल ओतायचा उद्योग सुरू होतो. हे हेलकावे माशांना सोसत नाहीत. लिंबू पिळण्याचा सल्लाही फिरत असतो. त्यातलं सायट्रिक आम्ल जिवाणूंनाच मारक ठरतं. त्यापेक्षा पत्र्यावरून पडणारं पागोळ्यांचं पाणी साठवा आणि बोअरच्या पाण्यात मिसळा. माझं मत विचाराल तर याहून स्वस्त उपाय नाही.

कोकणात गणित उलटं. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मऊ, बायकार्बोनेट थोडे. अमोनियातल्या दर १ मिलिग्रॅम नायट्रोजनमागे जिवाणू सुमारे ७ मिलिग्रॅम क्षारता संपवतात (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने). ती संपली की सामू घसरतो, जिवाणू मंदावतात आणि अमोनिया साचू लागतो. तिथे जाळीच्या पिशवीत धुतलेले शिंपले घालून टाकीत सोडावेत. नुसतं पावसाचं किंवा आरओचं पाणी वापरणाऱ्यांनीही हेच करावं.

नळाच्या पाण्यातला क्लोरीन उघड्या टाकीत हवा सोडली की एकदोन दिवसांत निघून जातो. क्लोरामाइन वापरत असतील तर तो असा जात नाही. पाणीपुरवठा विभागात विचारून घ्या. ओढ्याकालव्याचं पाणी मात्र नकोच. वरच्या शेतातली फवारणी त्यात उतरते.

अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाण पट्ट्यातल्या वाचकांना बोअरवर विसंबता येणार नाही. तिथला सोडियम आम्लानेही जात नाही आणि शिंपल्यांनीही. तिलापिया एक वेळ तगेल, घेवडा आणि स्ट्रॉबेरी नाही.

मासे आणण्याआधी स्वच्छ बाटलीत लिटरभर पाणी माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत द्या. अहवालात विद्युत वाहकता, बायकार्बोनेट आणि सोडियम हे तीन आकडे आधी वाचा. पुढच्या भागात मासे निवडू. तोवर अहवाल हाती असू द्या.