जीवामृताच्या पिंपाला झाकण घट्ट लावू नका

उन्हाळ्यातल्या एका दुपारची ही गोष्ट. एका शेतकऱ्याने घरी जीवामृत तयार केलं. दुसऱ्या दिवशी २० लिटरच्या कॅनमध्ये काठोकाठ भरलं, झाकण पिळून घट्ट केलं आणि कॅन मोटारसायकलला बांधून दोन किलोमीटरवरच्या शेतात नेला. तिथं झाकण फिरवायला लागताच ते उडून थेट डोळ्याच्या वर बसलं. चार टाके पडले. डोळा वाचला, हे नशीब. जीवामृताची कृती त्यांना मीच लिहून दिली होती. शेण किती, गूळ किती, सगळं लिहिलं होतं. झाकणाचं सांगायचं मात्र राहून गेलं होतं. ते आज सांगतो.

गॅस येतो कुठून?

सुभाष पाळेकर यांच्यामुळे जीवामृताची कृती आता घरोघरी माहीत आहे. २०० लिटर पाणी, १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. यातला गूळ खाऊन जिवाणू आणि यीस्ट वाढतात आणि कर्बवायू सोडतात. उन्हाळ्यात इडलीचं पीठ रात्रीतून पातेल्याबाहेर येतं, त्यातलाच हा प्रकार.

थोडा हिशेब करू. एक किलो साखर पूर्ण आंबली, तर साधारण अर्धा किलो कर्बवायू सुटतो. मोकळ्या हवेत त्याला अडीचशे लिटरच्या आसपास जागा लागते. गुळाचा मोठा भाग साखरच असतो. म्हणजे २ किलो गुळातून ४०० लिटरच्या घरात गॅस निघू शकतो, पिंपाच्या दुप्पट. २० लिटरच्या कॅनच्या वाट्याला त्यातला ४० लिटर येतो. निम्मा जरी आत कोंडला, तरी झाकण गोळीसारखं सुटेल.

ज्या देशांत घरी बीअर करायला मुभा आहे, तिथल्या लोकांनाही हाच ताप असतो. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरच्यापुरती बीअर करायला परवाना लागत नाही. तिथले लोक भांड्यात वर जागा सोडतात, झाकणातून नळी काढतात आणि तिचं टोक पाण्यात बुडवतात. गॅस बुडबुड्यांनी बाहेर जातो, हवा आत येत नाही. (आपल्याकडे विनापरवाना दारू करणं गुन्हा आहे, हे लक्षात असू द्या.) जीवामृताला मात्र हवा लागते. म्हणून नळीची गरज नाही. गॅसला वाट आणि फेसाला जागा, एवढं पुरे.

पिंप भरताना

२०० लिटरच्या पिंपात २०० लिटर पाणी ओतलं, तर शेण-गोमूत्राला जागा उरत नाही. सगळं मिळून १५० लिटरच भरा, वर एक वीत मोकळी ठेवा. राहिलेलं पाणी वापरायच्या वेळी घाला. बेसनामुळे फेस टिकून राहतो, म्हणून त्याची आधी पातळ पेस्ट करा, गुठळ्या नकोत. "गूळ जास्त तर जोर जास्त" असं समजून चार किलो टाकू नका. जोर वाढत नाही, फेस वाढतो.

पिंप झाडाखाली किंवा छपरात ठेवा. उन्हात ते तापतं आणि फसफस आवरत नाही. तोंडावर गोणपाट बांधा. माश्या, पाऊस आत जात नाही, गॅस मात्र निघून जातो. पिंप प्लॅस्टिकचं घ्या. लोखंडी गंजतं. कीटकनाशकाचे रिकामे डबे तर अजिबात नकोत.

ढवळताना

सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळा, पण सुरुवात सावकाश करा. द्रवात विरघळलेला गॅस काठी लागताच एकदम सुटतो आणि फेस वर चढतो. पिंपावर तोंड धरून उभं राहू नका. फेस उतू जायला लागला, तर वरून फळी दाबू नका. दोन बादल्या काढून घ्या आणि फेसावर गार पाणी शिंपडा. खाद्यतेलाचे चार थेंबही फेस बसवतात.

उन्हाळ्यात दोन दिवसांत जीवामृत तयार होतं, थंडीत एखाद-दोन दिवस जास्त लागतात. पुढं आठवड्याच्या आत वापरून टाका. गाळलं म्हणजे आंबणं थांबलं, असं नाही. शेतात नेताना कॅन पाऊणच भरा, तोंडाला फडकं बांधा, कॅन उभा ठेवा. फवारणीच्या पंपात रात्रभर शिल्लक ठेवू नका. कॅन चुकून बंद राहून फुगलाच, तर सावलीत ठेवा, तोंड बाजूला करा, झाकणावर ओलं पोतं टाका आणि थोडं थोडं सैल करा.

मोठ्या टाक्यांबाबत

आता गटशेतीत हजारो लिटरच्या टाक्या होत आहेत. कर्बवायू हवेपेक्षा दीडपट जड असतो, तो तळाशी साचतो. म्हणून जिथे माणसं झोपतात, त्या बंद खोलीत पिंप ठेवू नका. आणि टाकी रिकामी दिसली, तरी साफ करायला आत उतरू नका. बाहेरूनच पाण्याने धुवा. गोबरगॅसच्या, शेणकाल्याच्या टाकीत याहून विषारी आणि पेट घेणारे वायू असतात. तिथे दिवा सोडून बघायची जुनी रीत जिवावर बेतेल. कोणी आत पडलाच, तर मागोमाग दुसऱ्याने उडी घेऊ नये. आधी ११२ ला फोन करावा.

गावच्या पदाधिकाऱ्यांना एक विनंती. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर जीवामृताची कृती लिहाल, तेव्हा खाली आणखी एक ओळ लिहा: "वर एक वीत जागा, तोंडाला गोणपाट, झाकण नको." मी आता प्रत्येक चिठ्ठीवर ती ओळ आधी लिहितो, शेण-गूळ नंतर.